निषादीसाठी कोण रडले?

“ख्रिस्ती माणसाने महाभारत कशासाठी वाचायचे?” असा प्रश्न आम्हांला अधूनमधून विचारला जातो. विचारणारे आपलेच धर्मबंधू असतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. श्रद्धेला तडा जाईल, ही धास्ती त्यामागे असते. तरीही या धास्तीला आदरपूर्वक विरोध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत गुंफली. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्या ग्रंथाला आपण आजही ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूला या मातीची कथनरीत परकी वाटली नाही; ती आपल्याला का वाटावी? अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. मग कवाडे लावून बसण्याचा हा अट्टहास कशासाठी?

मात्र वाचणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. आम्ही महाभारत वाचले, तेव्हा काही ठिकाणी नतमस्तक झालो आणि काही ठिकाणी संतापलोही. आदिपर्वातील लाक्षागृहाचा प्रसंग घ्या. कुंतीने दिलेल्या भोजनाला एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह आली. खाऊनपिऊन, मद्याच्या धुंदीत ती सारी तिथेच झोपी गेली. त्याच रात्री भीमाने घराला आग लावली आणि पांडव आईसह भुयारातून निसटले. सकाळी राखेत सहा देह सापडले. लोकांनी ते कुंतीचे आणि पांडवांचे मानले. हस्तिनापुरात शोक झाला, उत्तरक्रिया झाली. पण ती दुसऱ्यांच्या नावाने. त्या माउलीला काळानेच तिथे आणले, एवढे सांगून कथा पुढे जाते. तिचे नावही आपल्याला कळत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, “पाहा, म्हणूनच हा ग्रंथ नको!” आम्ही नेमके उलट म्हणतो. नायकांच्या सुटकेची किंमत कोणी मोजली, हे या महाकाव्याने लपवलेले नाही. लपवले असते, तर आज आपल्याला त्या निषादीसाठी हळहळताही आले नसते. द्यूतसभेतही तेच. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न ऐकून भीष्मासारखा ज्येष्ठ धर्म सूक्ष्म आहे असे सांगून उत्तर टाळतो. विदुर बोलतो आणि कौरवांतला धाकटा विकर्ण बोलतो. बाकी सभा खाली मान घालून बसते. ग्रंथाने आपल्या थोरांचे हे मौन जसेच्या तसे नोंदवले आहे.

आपल्या पवित्र शास्त्राला तरी हे कुठे अपरिचित आहे? शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा उरियाला लढाईच्या तोंडावर पाठवून त्याचा काटा काढतो. तिथे नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहून त्याच्या पदरी दोष घालतो. निषादीला असा नाथान लाभला नाही. ती जागा वाचकासाठी मोकळी आहे, असे आम्हांला वाटते.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातील पात्रांकडे माणसे म्हणून पाहिले. असे निर्भय वाचन आपल्या घरांतही व्हावे. आंधळी भक्ती नको, आंधळा तिरस्कारही नको. दुसऱ्यांच्या ग्रंथातील अन्याय ज्याला दिसतो, त्याला आपल्या अंगणातलाही दिसू लागतो. आपल्या धर्मग्रामात एखाद्या दुबळ्यावर अन्याय होत असताना आपण भीष्म झालो की विकर्ण, हे ज्याने त्याने पापनिवेदनाला जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे. महाभारताने आम्हांला हा प्रश्न विचारला. त्याने आमची श्रद्धा ढळली नाही; आमची झोप मात्र मोडली.