तारीख बदलणारा पाहुणा लबाड नसतो

नांदेड आणि लातुरात मी घरच्या खोल्या पाहुण्यांना देतो. ‘बुकिंग पुढे ढकला’ म्हणणारा प्रत्येक जण लबाड, असं मानणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी माझं भांडण आहे. आमच्याकडे हवापालटाला कोण येतं? नांदेडला हुजूर साहिबचे यात्रेकरू येतात. उत्तरेत धुकं पडलं की त्यांची गाडी रखडते. लातूरला नीटवाल्या पोरांचे आईबाप येतात. २३ जून २०२४ची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली. झाली ती ११ ऑगस्टला. देशभर मुलं परगावी पोचली होती. निर्णय दिल्लीचा, भुर्दंड मात्र त्यांनी सोसायचा?

‘खोली रिकामी राहिली तर आमचा हप्ता कोण भरणार?’ सवाल रास्त आहे. गर्दीच्या दसऱ्याला ऐनवेळी मिळालेली स्वस्त खोली बघून पळणाऱ्याला मीही सवलत देत नाही. पण गाडी किंवा परीक्षा चुकली, तर जमा पैसे पुढच्या तारखेला वळते करावेत. आणि तीच खोली दुसऱ्याला देऊन पहिल्याचेही पैसे ठेवून घेणं, म्हणजे एका रात्रीचं भाडं दोनदा उकळणं. मग लबाड कोण?