सगळ्यांची सुट्टी

आखेनमध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो. त्यामुळे नरक चतुर्दशीला साडेसातला उठून, सावकाश तेल-उटणं लावून अंघोळ केली, तरी ती सूर्योदयापूर्वीचीच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तुझं सगळंच सोयीचं झालंय गं बाई."

झालंय खरं. जर्मनीच्या पश्चिम टोकावरच्या या गावात आमच्यासारख्यांचं बरं चाललं आहे. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नाही. तयारी झाली नसेल तर मुदतीत परीक्षेतून नाव काढून घेता येतं, कुणी कारणही विचारत नाही. पुण्यात पंचाहत्तर टक्क्यांसाठी विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर ताटकळलेल्या मुलीला हे सुरुवातीला खोटंच वाटलं होतं. सेमिस्टर तिकीट खिशात असलं की वेगवान गाड्या सोडून देशभर हिंडता येतं. सायकल काढली तर थोड्या वेळात नेदरलँड्स. तिथे फाल्सच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा एका ठिकाणी मिळतात. उंची 322 मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्समधलं हेच म्हणे सर्वांत उंच ठिकाण! सिंहगड चढलेल्या माणसानं तिथे चेहरा गंभीर ठेवायचा असतो. रात्री उशिरा पोंटश्ट्रासेवरून परत यायचं, वाटेत कुणाच्या तरी खोलीवर मॅगी करायची. किती वाजले, कुठे होतीस, कोण होतं बरोबर, हे विचारणारं कुणी नाही.

या सगळ्यात गेली ती सुट्टी. हजेरीच नाही तिथे दांडी मारण्यात काय मजा? बुधवारी दुपारी मी झोपून राहू शकते, पण ती सुट्टी नव्हे, तो नुसता रिकामा वेळ. शाळेत असताना पावसामुळे सुट्टी जाहीर झाली की अख्खी गल्ली एकदम मोकळी व्हायची, त्याच तासाला, सगळ्यांची. दिवाळीत शेजारच्या मुलाच्या किल्ल्याला माती हवी असायची तेव्हा आपणही मोकळे असायचो आणि त्याची ताईही. किल्ल्यावर पेरलेले हळीव उगवले की नाही, हे बघायला रोज सकाळी चार-पाच डोकी जमायची. असला निवांतपणा एकट्याच्या जिवावर मिळत नाही.

आमचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतं, म्हणजे नेमकं दिवाळीच्या तोंडावर. 2025 साली नरक चतुर्दशी सोमवारी होती आणि लक्ष्मीपूजन मंगळवारी. घरी पहाटे पाचला पहिली अंघोळ झाली तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजला होता. फोनवर फटाके ऐकले, आजीनं ओवाळल्यासारखं केलं, आणि सकाळी मी प्रयोगशाळेत. तिथे सगळे सोमवारी असतात तसेच होते. त्यात त्यांचा काय दोष! गणपती सेमिस्टरच्या सुट्टीत येतात म्हणावं, तर त्या सुट्टीत परीक्षा असतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला जे 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्यांतले बरेचसे तेव्हाच वसूल करायचे असतात.

एकदा मात्र तारखा जुळल्या. 2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं. त्या दिवशी या राज्यात सार्वजनिक सुट्टी असते, कारण कॅथलिक पंथातला तो सर्व संतांचा दिवस. लोक कबरींवर फुलं ठेवतात, लाल दिवे लावतात. दिवस शांततेत घालवायचा, म्हणून नाचगाण्याच्या जाहीर कार्यक्रमांना संध्याकाळी सहापर्यंत मनाई. आम्हाला मुहूर्त संध्याकाळचाच असल्यानं अडचण नव्हती. नागपूरच्या एकानं आणलेल्या भाजणीच्या चकल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तळल्या. धुराच्या अलार्मच्या भीतीनं खिडक्या सताड उघड्या, आणि कढईपाशी उभं राहायचं ते जॅकेट घालून. लाडूंना इथल्या दुकानातला रवा चालतो, थोडा जास्त भाजावा लागतो इतकंच. त्या संध्याकाळी कुणी घड्याळ बघितलं नाही. जाण कुणाला असो-नसो, गाव आमच्याबरोबर थांबलं होतं.

पुढे कार्निव्हलच्या सोमवारी उलट झालं. रस्ते बंद, शिकवणं बंद, आजोबा-आजी जोकरांच्या वेषात, रथांवरून चॉकलेटं उधळली जाताहेत. मीही पिशवी भरून घेतली, नाचले, घसा बसेपर्यंत ओरडले. गाणी एकही येत नव्हती. तिथे कुणाला तरी आपली आजी आठवत असेल, मला आठवत होती ती ढोल-पथकं. पण मजा आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परक्याच्या सणात हौशी पाहुणा म्हणून शिरणं हाही विद्यार्थीदशेतला एक हक्कच, तो मी सोडणार नाही.

2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, रविवारी. म्हणजे सुट्टी पक्की, पण रविवारी इथली दुकानं बंद असतात, तेव्हा नारळ आणि झेंडू शनिवारीच आणून ठेवायला हवेत. झेंडू मिळतो का, हे आत्तापासून विचारायला घेतलं आहे. नागपूरकराचं मत आहे की शेवंतीवर भागवावं, ती इथे त्या सुमारास हवी तेवढी मिळते, कबरींसाठी. आईला यातलं शेवटचं वाक्य सांगायचं नाही, एवढं आमचं ठरलंय.