खजिना उघडा आहे, ग्रंथपाल कुठे आहे?



जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा सुरू होतात आणि आपल्यासारख्या परदेशस्थांकडे एक ठरलेली विचारणा येऊ लागते. गावाकडच्या शाळेतले एखादे सर, नात्यातली एखादी शिक्षिका किंवा जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघातले कोणीतरी विचारते, "मुलांसाठी इंटरनेटवर काय चांगले आहे? जरा यादी पाठवाल का?" तासाभरात वीस-पंचवीस दुवे गोळा होतात, पाठवले जातात, तिकडून हात जोडल्याचे चित्र येते. त्या यादीचे पुढे काय झाले याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आज त्या यादीविषयीच लिहायचे आहे. मराठी शाळांसाठी महाजालावर काही नाही, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. साहित्य भरपूर आहे. ते पारखून, इयत्तेनुसार लावून, नेमक्या धड्याच्या वेळी मुलाच्या हातात ठेवणारे माणूस मात्र कमी आहे. त्याहून वाईट म्हणजे "सगळे ऑनलाइन मिळतेच की" हेच कारण पुढे करून त्या माणसाची जागा कमी केली जाते. तेव्हा मदत करायचीच असेल तर ती कशी करावी, याचा नव्याने विचार करायला हवा.

आधी काय काय आहे ते पाहू. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभ्या केलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याचे वीसही खंड आता संकेतस्थळावर वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ वस्तूंपासून करायच्या प्रयोगांच्या चित्रफिती आणि पुस्तके आहेत, त्यांत मराठीही आहेत. पुण्याहून निघणाऱ्या 'शैक्षणिक संदर्भ' या द्वैमासिकाचे जुने अंक आहेत. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या मराठी गोष्टी आहेत, आणि त्या कोणालाही छापायला, वाटायला, भाषांतरित करायला मोकळ्या आहेत. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची आभासी प्रयोगशाळा मराठीतही उघडते. एकदा उतरवून घेतले की त्यातले बरेच प्रयोग नेटवाचूनही चालतात.

यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी 'शिवाजी' की 'किरण' हा फाँट आपल्या संगणकावर नसल्यामुळे मराठी पान म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी दिसत असे, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना ही प्रगती किती मोठी आहे हे सांगायला नको.

आता हीच यादी सहावीच्या वर्गाच्या दारात उभे राहून वाचा. विश्वकोशातली नोंद प्रौढ वाचकासाठी लिहिलेली आहे, बारा वर्षांचे मूल तिसऱ्या ओळीत थांबते. कित्येक जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडमध्ये नाहीत. त्यांतला मजकूर शोधता येत नाही, आणि नक्कल करायला गेले तर अक्षरांचा चुरा हाती येतो. प्रयोगांच्या चित्रफिती शेकड्यांनी आहेत, पण 'प्रकाशाचे परावर्तन' शिकवायच्या दिवशी त्यांतली कोणती दाखवायची हे शिक्षकाने रात्री जागून शोधावे लागते. इथल्या आपल्या मुलांची अडचण आणखी निराळी. तेरा वर्षांच्या मुलाचे मराठी वाचन सात वर्षांच्या पातळीचे असते आणि आवड तेरा वर्षांची. त्याला चिऊकाऊच्या गोष्टी दिल्या तर तो पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. दुवा यातले काहीच सोडवत नाही. हे सोडवण्याच्या कामाला ग्रंथपालन म्हणतात.

फोन पोहोचला म्हणजे शिक्षण पोहोचले, हा भ्रम २०२० साली पुरता उघडा पडला. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली मुले २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२० साली ६१.८ टक्के झाली. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही शिकण्याचे साहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती.

याच्या उलटचे उदाहरणही त्याच वर्षी आपल्यासमोर आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि त्यांनी आधी पुस्तकांचा मजकूर त्या भाषेत आणला, ही गोष्ट कमी सांगितली जाते. कोड छापणे सोपे आहे. त्या कोडमागे काय असावे हे वर्गातले मूल ओळखणाऱ्या माणसाने ठरवले होते.

आता थोडे आपल्या दाराशी. एजवेअरचा काही भाग बार्नेटमध्ये येतो, काही हॅरोमध्ये. हॅरोच्या बाजूचे मॉलिसन वेवरचे बॉब लॉरेन्स ग्रंथालय २०१५ साली कौन्सिलने बंद केले, त्याच्याबरोबर आणखी तीन गेली. शेजारच्या ब्रेंटने २०११ साली बारापैकी सहा ग्रंथालये बंद केली. त्यात १९०० साली मार्क ट्वेनने उद्घाटन केलेले केन्सल राइजचे ग्रंथालयही होते. बार्नेटने २०१७ साली निराळा मार्ग काढला. इमारती ठेवल्या, पण दिवसाचे बरेच तास माणसांशिवाय, कॅमेरा आणि पिन क्रमांकाच्या भरवशावर. तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्या तासांत लहान मुलांना सोबत मोठे माणूस असल्याशिवाय आत जाता येत नव्हते. म्हणजे पुस्तके आत, मूल बाहेर, आणि मधले माणूस खर्चात वाचवलेले.

इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असलेच पाहिजे असा नियम आहे, शाळेत असलेच पाहिजे असा कायदा नाही. सरकारी प्राथमिक शाळांपैकी साधारण सातातल्या एका शाळेत ग्रंथालय नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेत ते देण्याचे आश्वासन अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी २०२५ च्या सप्टेंबरात दिले, त्याचे स्वागतच आहे. मात्र खोली आणि कपाटे यांच्याबरोबर ग्रंथपालाचा पगारही येतो का, हे आपण पालक म्हणून विचारत राहिले पाहिजे. महाराष्ट्रात लहान पटाच्या शाळांमध्ये तर ग्रंथपालाचे काम बहुधा एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात आणि किल्ली त्याच्या खिशात असते.

मी प्रथिनांच्या संशोधनात काम करते, म्हणून आमच्या क्षेत्रातले एक उदाहरण देते. प्रोटीन डेटा बँक १९७१ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रेणूंच्या रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांतून आलेली प्रत्येक रचना तपासायची, चुका परत पाठवायच्या, नोंदी एका साच्यात लावायच्या आणि सर्वांना फुकट द्यायची, हे काम अर्धे शतक काही मोजकी माणसे करत आली. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनमध्येही ती बसतात. त्यांची नावे कोणाला माहीत नसतात. पण २०२० साली लंडनच्या डीपमाइंडने अल्फाफोल्ड हा प्रोग्रॅम या निवडलेल्या साठ्याच्या जोरावर शिकवला, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला. माहिती नुसती साठवून हे झाले नसते.

इथे कोणी म्हणेल की आता यंत्रालाच विचारावे, भाषांतरही तेच करील. काही प्रमाणात करते, आणि शिक्षकाने त्याचा उपयोग जरूर करावा. पण विज्ञानाच्या मराठीत 'सेल' कधी पेशी असते, कधी विद्युत घट. 'सोल्यूशन' कधी द्रावण असते, कधी गणिताची उकल. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी चालतात, परीक्षेत चालत नाहीत. पाठ्यपुस्तकात एक शब्द आणि पडद्यावर दुसरा दिसला की गोंधळ मुलाचा होतो, आणि ते मूल स्वतःलाच मठ्ठ समजू लागते. शिवाय यंत्र मराठी शिकते तेही मराठीत आधी लिहून ठेवलेल्या मजकुरावरूनच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले. या मजकुराची भर घालायला मात्र त्यातले किती जण बसले?

हा प्रश्न शेवटी न्यायाचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सरकारला सुनावले होते की कर भरतो शेतकरी, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी नाकारला. त्यांनी मागितले ते सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि त्यासाठी कष्टकरी वर्गातून आलेले, प्रशिक्षित, बरा पगार मिळणारे शिक्षक. आज महाजालावरचे उघडे साहित्य सर्वात चांगले कोणाला वापरता येते? ज्याच्या घरी इंग्रजी येणारी आई आहे, स्वतंत्र लॅपटॉप आहे, शाळेत ग्रंथपाल आहे, त्याला. बाकीच्यांपर्यंत ते झिरपेल ही आशा तितकीच पोकळ आहे, फक्त आता तिला तंत्रज्ञानाचे नाव आहे.

मग करायचे काय? प्रत्येकाने एक इयत्ता आणि एक विषय घ्यावा, आणि त्यातल्या प्रत्येक धड्यासाठी फार तर तीन गोष्टी निवडाव्यात. निवडताना पाच प्रश्न विचारावेत. ही गोष्ट छापायला आणि वाटायला परवानगी आहे का? एकदा उतरवून घेतली की नेटवाचून, साध्या फोनवर चालते का? मुलाचे नाव, ठिकाण, फोन क्रमांक ती मागते का? (ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ साली ४९ देशांतली १६४ शैक्षणिक उत्पादने तपासली, त्यांतली १४६ मुलांची खाजगी माहिती धोक्यात आणणारी वाटली.) त्यातले शब्द बालभारतीच्या शब्दांशी जुळतात का? आणि शेवटचा प्रश्न, हे कोणी आणि कधी तपासले? निवडलेल्या प्रत्येक गोष्टीखाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात: यात काय आहे, किती मिनिटांचे आहे, कोणत्या धड्याला लागते.

तारीख घालायला विसरू नये, कारण जालावरचे काहीही कायमचे नसते. बीबीसीने पंधरा कोटी पौंडांची योजना आखून २००६ साली सुरू केलेले 'बीबीसी जॅम' खाजगी कंपन्यांच्या तक्रारींनंतर २००७ च्या मार्चमध्ये थांबले, आणि त्यावर धडे बेतलेल्या शिक्षकांना नवी शोधाशोध करावी लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्यामुळे ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन सूची काही महिने बंद पडली. म्हणून जे उतरवून घेण्याची परवानगी आहे ते शाळेच्या पेनड्राइव्हवर असू द्यावे, आणि महत्त्वाचे ते कागदावरही.

दुसरी गोष्ट पैशांची. पुढच्या वेळी शाळेला टॅब किंवा प्रोजेक्टर द्यायची वर्गणी निघेल तेव्हा एवढे विचारू या: हे वापरायला शिकवणाऱ्या आणि ग्रंथालय रोज दोन तास उघडे ठेवणाऱ्या व्यक्तीच्या मानधनाचे काय? गावातच बारावी-पदवी झालेली, वाचनाची आवड असलेली मुलगी अनेकदा मिळते. तिच्या वर्षभराच्या मानधनावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागणार नाही, वर्तमानपत्रात फोटोही येणार नाही. पण कपाटाची किल्ली रोज फिरेल.

तेव्हा या वर्षी यादीची विचारणा आली की दुवे पाठवण्याआधी एक उलटा प्रश्न विचारा: "सर, तुमच्याकडे कितवीचा वर्ग आहे, आणि पुढच्या महिन्यात कोणता धडा येतोय?" त्या एका धड्यापासून सुरुवात करा. कोणता विषय घेतलात ते जरूर कळवा, म्हणजे एकच काम दोघांनी करायला नको.