'करदाता' नावाचे कुंपण

शहरातील पाण्याचा प्रश्न निघाला की एक शब्द हमखास पुढे केला जातो : 'करदाता'. झोपडवस्तीत नळ द्यावयाचा म्हटले की 'आमच्या कराच्या पैशातून यांना पाणी का?' असा सवाल होतो. नळजोडणीचे शुल्क कमी करावे असे कोणी सुचविले की करदात्यांवरील बोज्याचा दाखला दिला जातो. आम्ही मराठी शिकविणारी माणसे. जलवितरणाचे तज्ज्ञ नव्हेत. परंतु एखादा शब्द कोणाच्या तोंडी बसतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे पाहणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. त्याच नात्याने या शब्दाची उलटतपासणी आम्ही येथे करीत आहोत. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. करदात्याचे नाव घेऊन भांडावयाचे असेल, तर नळ नाकारण्यासाठी भांडू नये. नळजोडणीचे शुल्क प्रत्यक्ष खर्चाशी बांधणारा आणि ते घराच्या कागदपत्रांपासून सोडविणारा राज्याचा कायदा व्हावा, यासाठी भांडावे.

'कर' या शब्दाचे पाण्याशी नाते जुने आहे. कर म्हणजे हात, कर म्हणजे किरण आणि कर म्हणजे राज्यसंस्थेचा भाग. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात राजाच्या करग्रहणाला सूर्याच्या जलशोषणाची उपमा दिली, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या उपमेचे सारे बळ परत देण्यात आहे. ज्याच्या अंगणातून पाणी उचलले त्याच्याच अंगणात पाऊस पाडावा, असा हिशेब त्यात नाही. आजचा 'करदाता' मात्र नेमका हाच हिशेब मांडतो : मी दिले, म्हणून माझ्याच नळाला यावे.

आता हा करदाता कोण, ते पाहू. मालमत्ता कराचे देयक ज्याच्या नावे येते तो, अशी रूढ समजूत आहे. परंतु २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत जकात हा होता. शहरात येणाऱ्या मालावर ती बसे आणि किमतीत मिसळून जाई. शहरात राहून तेल-साबण विकत घेणारा प्रत्येक जण, मग तो इमारतीतला असो की पत्र्याच्या खोलीतला, ती भरीत होता. जकात गेली, तिच्या जागी राज्याकडून नुकसानभरपाई आली, आणि ती ज्या तिजोरीतून येते तिच्यातही साबणाच्या वडीवरचा कर असतोच. उलट २०२२ साली मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्या घरांतील रहिवासी 'करदाते' उरले नाहीत, सबब त्यांचे नळ तोडावेत, असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. कोणी म्हणूही नये. पण यावरून एवढे स्पष्ट होते की, 'करदाता' हा शब्द या वादात हिशेबाचा उरलेला नाही. तो प्रतिष्ठेचा झाला आहे. घराचा कागद ज्याच्यापाशी आहे त्याचे ते दुसरे नाव आहे.

येथे 'कर' आणि 'शुल्क' यांतील भेदही ध्यानात घ्यावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात तो नेमकेपणाने मांडला : कर हा सार्वजनिक कामासाठी घेतला जातो, त्याच्या बदल्यात अमुक एक सेवा मिळेलच असे नाही, शुल्क मात्र विशिष्ट सेवेचा मोबदला म्हणून घेतले जाते. हा भेद मान्य केला की नळजोडणीच्या शुल्काला एकच प्रश्न विचारता येतो : जोडणीला खर्च किती आला? मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची नळी, मीटर, रस्ता खोदणे आणि बुजविणे, परवानाधारक प्लंबरची मजुरी, तपासणी. याहून अधिक जे घेतले जाते ते शुल्काच्या वेषातील कर होय, नाही तर शुल्काच्या वेषातील दंड.

आमच्या राज्यात या प्रश्नाचे उत्तर देणारी एकच एक कायदेशीर चौकट नाही. मुंबईला १८८८ चा अधिनियम, इतर महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदांना १९६५ चा. आणि जोडणीचे दर व अटी मुख्यतः ज्या त्या संस्थेच्या नियमांवर व उपविधींवर सोडलेल्या. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला खरा. पण त्याचा रोख घाऊक पाण्याच्या दरांवर आहे, घरातल्या तोटीवर नाही. त्याच कायद्यात, दोनहून अधिक अपत्ये असलेल्या व्यक्तीने शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर भरावा, असे कलम घातले गेले. पाण्याचा दर हा पाण्याच्या खर्चावरून न ठरता माणसाच्या वर्तनावरून ठरू लागला की काय होते, याचा इतका उघड नमुना दुसरा सापडणे कठीण.

शहरात हेच काम 'कट ऑफ' तारखेने केले. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० : या तारखेपूर्वीचा पुरावा नसेल, तर अधिकृत नळ नाही. 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर बेकायदा आहे म्हणून त्यात राहणाऱ्याला पाण्यापासून सर्वस्वी वंचित ठेवता येणार नाही. निर्णय मोठाच, परंतु अशा वस्त्यांकडून चढा दर घेण्याची मुभाही त्याने महापालिकेला दिली, आणि तेथे आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत. खर्च अधिक येत असेल, तर तो दाखवून घ्यावा. कागद नाही म्हणून अधिक घेणे हा खर्च नव्हे. पुढे मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. त्याचे स्वागतच आहे. पण धोरण हे अखेर धोरण. ते बदलण्यासाठी विधिमंडळात हात वर करावे लागत नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप असा : नळ दिला की अतिक्रमणाला उत्तेजन मिळते. हा आक्षेप केवळ स्वार्थी म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. नियम पाळून, कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाची त्यामागील चीड खरी आहे. परंतु माणसे शहरात येतात ती कामासाठी, तोटीसाठी नव्हे. नळ नाकारल्याने वस्ती हटत नाही, तहानही हटत नाही. पाणी येतच राहते. टँकरने, विकतच्या पिंपाने, शेजारच्या वस्तीतून ओढलेल्या नळीने, आणि अधिकृत दराच्या कितीतरी पट किमतीत. फरक इतकाच की, तो पैसा महापालिकेच्या तिजोरीत न जाता मधल्यांच्या खिशात जातो. मीटर असलेला नळ महसूल देतो. चोरून फोडलेली वाहिनी फक्त गळते. तेव्हा नळ नाकारण्याने खरे नुकसान होते ते त्याच करदात्याचे, ज्याच्या नावाने तो नाकारला जातो. शिवाय सकाळचे चार तास हंड्यापाशी घालविणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

करदात्यांची चळवळ म्हणजे नेहमी अडवणूकच, असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य या चळवळीचे माहेरघर मानले जाते, आणि तेथील अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. तेथे राज्याचा कायदाच सांगतो की, मतदारांच्या दोनतृतीयांश संमतीवाचून पाणीजोडणीचे शुल्क सेवेच्या वाजवी अंदाजित खर्चाहून अधिक असता कामा नये. आम्ही मागतो ते याहून फारसे वेगळे नाही. मात्र त्याच राज्यात १९७८ साली करदात्यांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून घेतले, जुन्या घरमालकांचा मालमत्ता कर जवळजवळ गोठवला, आणि त्यानंतर स्थानिक संस्थांनी नव्या बांधकामांवरील शुल्कांचा अधिकाधिक आधार घेतला. आधी आलेल्यांचा भार नंतर येणाऱ्यांवर ढकलला गेला. आपल्याकडील 'कट ऑफ'ची तारीख याच वृत्तीची बहीण आहे.

महाराष्ट्राला तर हा वाद नवा नाहीच. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात जो ठराव संमत करून घेतला, त्याचा आधारच मुळी सार्वजनिक पैसा हा होता : सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तो ओंजळीने खरा केला. त्यानंतर प्रतिपक्ष न्यायालयात गेला, तो तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा घेऊन. उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय यावयास १७ मार्च १९३७ उजाडले. जातीच्या बहिष्काराची आणि शुल्काच्या अडसराची बरोबरी आम्ही करीत नाही. ती करणे महाडचा अर्थ पातळ करणे होईल. आम्ही लक्ष वेधतो ते युक्तिवादाच्या दिशेकडे. सार्वजनिक पैशाचे नाव घेऊन पाणवठा उघडता येतो, आणि मालकीचे नाव घेऊन तो बंद करता येतो. 'करदाता' हा शब्द आज दुसऱ्या पक्षाने पळविला आहे. तो परत आणला पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत. राज्याने एकच कायदा करावा. नळजोडणीचे शुल्क प्रत्यक्ष खर्चाहून अधिक नसावे. त्याचा तपशील प्रत्येक प्रभाग कार्यालयात मराठीत लावलेला असावा. ते हप्त्यांनी भरता यावे. आणि जोडणीचा कागद हा मालकीचा पुरावा मानला जाणार नाही, तसेच मालकीचा पुरावा हा जोडणीची अट असणार नाही. ही शेवटची अट दोन्ही बाजूंची भीती घालविते : घरमालकाची अतिक्रमणाची आणि भाडेकऱ्याची तहानेची.

ज्या शहाण्या करदात्याला आपल्या पैशाचा हिशेब हवा आहे, त्याने या मागणीवर सर्वांत आधी सही करावयास हवी. त्याने ती केली नाही, तर त्याला हिशेब नको आहे, कुंपण हवे आहे, असेच आम्हांस समजावे लागेल.