फलाटावरचें पोर कोणाचें?

पाद्री लोक आमचीं पोरें बाटवितात, ही ओरड नागपुरांत जुनी आहे. हिस्लॉप साहेब १८४५ सालीं येथें येऊन राहिले व त्यांनीं शाळा घातली, तेव्हांपासून ती ऐकूं येते. साहेब १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ पुराच्या नाल्यांत बुडून वारले. ओरड तेवढी तरली. पुढें हें शहर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असतां १९५४ सालीं सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं येथेंच छापला गेला. मिशनच्या शाळा, इस्पितळें आणि अनाथगृहें यांचा उपयोग माणसें ख्रिस्ती करण्याकडे होतो, असा ठपका त्यांत ठेविला आहे.

ठपका ठेवणारांशीं आम्हांस भांडायचें नाहीं. भुकेल्याच्या ताटाबरोबर धर्म वाढणें वाईटच, आणि त्याबद्दल पुढें लिहूंच. पण आमचा प्रश्न त्याच्या आधींचा आहे. पोर पाद्र्याच्या दारीं गेलें, तें निघालें कोणाच्या दारांतून?

उत्तर पाहिजे असेल त्यानें नागपूरचें स्टेशन पाहावें. दिल्लीहून चेन्नईकडे आणि मुंबईहून हावड्याकडे जाणारे दोन्ही मोठे लोहमार्ग येथें एकमेकांस छेदतात. म्हणून घर सोडून निघालेलें पोर चारहि दिशांनीं येथें येऊन पडतें. कोणी डब्यांत झाडू मारून हात पसरतें, कोणी रिकाम्या बाटल्या वेंचून भंगारवाल्यास घालतें. भूक आणि थंडी कळूं नये म्हणून कोणी पंक्चरचें सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगतें. शहरचीं माणसें त्यांस सरसकट अनाथ म्हणतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. अनाथाचा वाली देव, मग माणसांपैकीं कोणासच जबाब द्यावा लागत नाहीं. खरें पाहतां यांतल्या बहुतेकांस आई आहे, कित्येकांस बापहि आहे. तीं कोरडवाहू शेतकऱ्याचीं, वीटभट्टीवर गेलेल्या मजुराचीं, माग बंद पडलेल्या विणकराचीं, पालांत राहणाऱ्या भटक्यांचीं लेंकरें आहेत. बापाची दारू, घरांतला जाच, सावकाराचा तगादा, हीं त्यांच्या निघून जाण्याचीं कारणें आहेत. मास्तराची छडी हेंहि एक कारण आहे, आणि आम्ही स्वतः मास्तर असलों तरी तें यादींतून गाळीत नाहीं.

पोर एका रात्रींत नाहींसें होत नाहीं. आधीं तें हजेरीपत्रकांतून जातें. कापूस वेंचणीच्या दिवसांत आठ दिवस गैरहजर, मग महिना, मग नांवापुढें आडवी रेघ. शेजाऱ्यास विचारावें तर 'मामाकडे गेलें असेल' असें उत्तर मिळतें. बैल सुटून गेला तर आमचा शेतकरी चार कोसांवरचे बाजार धुंडाळतो, खुरांचा माग काढतो, ओळखीच्या दलालास गांठतो. पोराच्या बाबतींत मात्र 'येईल भूक लागल्यावर' म्हणून दार लोटून घेतों. त्यास भूक लागते, पण तें परत येत नाहीं. जेथें भाकरी दिसते तेथें जातें.

भाकरी घेऊन उभे राहणारे हे परके लोक कोण, व त्यांनीं त्यांच्या देशांत काय केलें, याची हकीकत शेतकरी-कारागिरांनीं जाणून घेण्यासारखी आहे.

इटली देशांत तुरिन म्हणून शहर आहे. तेथें १८४१ सालीं जॉन बॉस्को नांवाचा एक तरुण पाद्री आला. हा शेतकऱ्याचा मुलगा, १८१५ चा जन्म. दोन वर्षांचा होण्याच्या आधींच बाप मेला. लहानपणीं दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबला, आणि शाळेचा खर्च भागावा म्हणून शिंप्याकडे, लोहाराकडे, चांभाराकडे काम करून ते धंदे शिकला. तुरिनांत तेव्हां डोंगराकडच्या खेड्यांतून पोरें कामाच्या शोधांत येत. उन्हाळ्यांत गवंड्याच्या हाताखालीं विटा वाहत, हिवाळ्यांत काम थांबलें कीं रस्त्यावर झोंपत, आणि त्यांतलीं बरींच तुरुंगांत पोंचत. बॉस्कोनें तीं तुरुंगांत पाहिलीं. तीं तेथें पोंचण्याआधींच गांठलीं पाहिजेत, एवढी एकच गोष्ट त्यानें मनाशीं धरली.

त्याच्या मंडळींत एक गोष्ट सांगतात. डिसेंबर १८४१ मध्यें देवळांत शिरलेल्या एका गवंडी पोरास तेथल्या नोकरानें मारून बाहेर हांकललें. बॉस्कोनें त्यास परत बोलाविलें. वाचतां येतें का, विचारलें, नाहीं. लिहितां येतें का, नाहीं. गातां येतें का, नाहीं. मग शीळ तरी घालतां येते का, म्हणून विचारतांच पोर हंसलें. ट्रेनिंग कॉलेजांत विद्यार्थ्याशीं कसें बोलावें यावर जीं पुस्तकें पढवितात, त्यांत इतकें उपयोगाचें फार थोडें सांपडेल.

पुढें त्यानें शहराच्या कडेला एक पडवी भाड्यानें घेतली. १८४६ सालीं त्याची म्हातारी आई गांव सोडून तेथें आली. ती निरक्षर शेतकरीण होती. तिनें दहा वर्षें, मरेपर्यंत, या परक्या पोरांचें रांधलें, त्यांच्या सदऱ्यांना ठिगळें लावलीं. आमच्या आयाबहिणींस या म्हातारीची ओळख निराळी करून द्यावयास नको.

बॉस्कोचें खरें काम मात्र आमच्या सुतार, लोहार, चांभार वाचकांनीं नीट ऐकावें. पोरांस तो कारागिराकडे शिकाऊ म्हणून ठेवी. त्या काळीं शिकाऊ पोर म्हणजे धन्याचें पाणी भरणारें, मूल सांभाळणारें आणि लाथा खाणारें असे. बॉस्कोनें १८५२ सालीं एका सुताराशीं चक्क मुद्रांकाच्या कागदावर करार केला. धन्यानें पोरास धंदाच शिकवावा, धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत. चुकल्यास शब्दानें समज द्यावी, मारूं नये. सणावाराची सुटी द्यावी. पुढल्याच वर्षीं त्यानें स्वतःच्या घरांत मोच्यांचा व शिंप्यांचा कारखाना सुरू केला, नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम व छापखाना काढला. प्रार्थना होती, धर्मशिक्षणहि होतें, तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पोरें टिकलीं तीं हातांत हुन्नर आला आणि पाठीवरचा मार थांबला म्हणून, असें आमचें मत आहे. याच बॉस्कोच्या नांवानें चालणाऱ्या मंडळींनीं १९८७ पासून मुंबईस वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठीं आसरा चालविला आहे; त्याआधीं १९६२ सालीं जेझुइट पाद्र्यांनीं मुंबईंतच 'स्नेहसदन' काढलें.

इतकें वाचून कोणी पाद्र्यांची आरती ओंवाळूं लागेल, म्हणून दुसरी बाजूहि सांगतों. न्यूयॉर्क शहरांत १८५४ पासून पंचाहत्तर वर्षें धर्मशील लोकांच्या संस्थांनीं रस्त्यावरचीं व गरीब घरांतलीं पोरें आगगाडींत भरून पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे धाडलीं. त्यांची संख्या दोन लाखांच्या घरांत गेली. स्टेशनांवर त्यांस रांगेंत उभें करीत. शेतकरी येऊन हात-पाय पाहून निवडीत. कांहींस खरे आईबाप मिळाले, कांहींस नुसती बिनपगारी चाकरी. इंग्लंडांत डॉक्टर बर्नार्डो व त्यांच्यासारख्या इतर धर्मसंस्थांनीं लाखावर मुलें कॅनडास रवाना केलीं, पुढें हजारों ऑस्ट्रेलियास. त्यांपैकीं पुष्कळांचे आईबाप जिवंत होते. मुलांस सांगितलें, तुमचें कोणी नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं २००९ सालीं व इंग्लंडच्या पंतप्रधानांनीं २०१० सालीं याबद्दल जाहीर माफी मागितली. तोंवर तीं मुलें म्हातारीं झालीं होतीं आणि बहुतेकांच्या आया मेल्या होत्या. पोराचें पोट भरणें आणि त्याचें गणगोत तोडणें हीं दोन्ही कामें एकाच हातानें, तेंहि देवाचें नांव घेऊन, होऊं शकतात, हें आम्हीं यावरून शिकलों.

आतां आपल्या घरचें पाहूं. १८७६-७७ च्या दुष्काळांत जोतीराव व सावित्रीबाई यांनीं आणि सत्यशोधक मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांसाठीं आश्रम उघडला. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले; पाद्र्यांकडून जें घेण्यासारखें तें त्यांनीं घेतलें, आणि धर्म आपल्या बुद्धीनें ठरविला. त्यानंतर वीस वर्षांनीं, १८९७ सालीं, दुष्काळ आमच्या मध्यप्रांतावर आला. तेव्हां पंडिता रमाबाई पुण्याकडून इकडे आल्या आणि दारोदार पडलेल्या तीनशेंच्या आसपास मुली व बाया घेऊन केडगांवच्या आपल्या मळ्यावर गेल्या. बाईंचे स्वतःचे आईबाप १८७४ सालीं दुष्काळांतच गेले होते. उपास म्हणजे काय हें त्यांस पोथींतून शिकावें लागलें नव्हतें. केडगांवीं त्या मुलींस अक्षरें, विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें.

बाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या होत्या. पुण्याच्या शारदासदनांत मुलींच्या धर्मांत ढवळाढवळ करणार नाहीं, असा शब्द होता. तो पाळला जात नाहीं म्हणून १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं राजीनामे दिले. शब्द देऊन मोडणें गैर, मग तो कोणीहि मोडो. केडगांवास गेलेल्या मुलींपैकींहि पुष्कळ पुढें ख्रिस्ती झाल्या. परंतु बाईंवर वर्तमानपत्रांतून लेखण्या झिजविणाऱ्यांपैकीं किती जण गाडी जोडून मध्यप्रांतांत त्या मुलींच्या शोधास आले होते? जोतीरावांनीं मात्र १८८५ सालींच 'सत्सारां'त रमाबाईंची बाजू घेतली होती.

धर्माविषयीं आमचें म्हणणें नागपूरच्या मातीनेंच आम्हांस शिकविलें आहे. नियोगी समितीचा अहवाल ज्या वर्षीं निघाला त्याच वर्षीं, १९५६ च्या १४ ऑक्टोबरास, याच शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला. बाबासाहेबांनीं १९३५ सालीं येवल्यास जाहीर केल्यापासून एकवीस वर्षें विचार केला, पुस्तकें धुंडाळलीं, आणि भर मैदानांत उभें राहून स्वमुखानें प्रतिज्ञा म्हटल्या. धर्म सोडावयाचा किंवा धरावयाचा तो असा. आठ वर्षांच्या उपाशी पोराकडून ताटापुढें जें वदवून घेतात त्यास धर्म म्हणतां येत नाहीं, मग वदविणारा पाद्री असो, स्वामी असो कीं मौलवी असो. पोराला आधीं जेवूं घाला, त्याचें गांव शोधा, त्याला शिकूं द्या. मोठें झाल्यावर त्याचा देव तें पाहून घेईल, किंवा देवावांचून चालवील.

हें काम परक्यांनींच करावें असें कोठें लिहिलेलें नाहीं. अमरावती जिल्ह्यांत, नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत, मंगरूळ चव्हाळा येथें मतीन भोसले यांनीं २०१२ सालीं 'प्रश्नचिन्ह' नांवाची शाळा काढली. हे गृहस्थ फासेपारधी समाजांतले. ज्या जमातींवर इंग्रजानें १८७१ सालीं कायदा करून जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांतली ही एक. भोसले जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक होते. नोकरी सोडली, आणि स्टेशनांवर व सिग्नलांवर भीक मागणारीं आपल्या समाजाचीं मुलें गोळा करून आणलीं. त्यांना खाऊं घालण्यासाठीं स्वतः झोळी घेऊन फिरले. पुढें मुंबईचा समृद्धि महामार्ग आंखला गेला तो शाळेच्या आवारांतून, आणि त्यांत ग्रंथालय व कांहीं खोल्या गेल्या. समृद्धीला दुसरीकडून वाट मिळूं नये, हें नांवाप्रमाणेंच झालें म्हणायचें. शाळा अद्याप उठलेली नाहीं. आमच्या मोठमोठ्या जातिसभांचीं अधिवेशनें होतात, मंडपाला लाखों रुपये लागतात. त्यांतल्या किती सभांनीं फलाटावरचीं चार पोरें आणून शिकविलीं, याचा हिशेब मंडपांतच एकदां मागावा.

वाचकांच्या माहितीसाठीं कायद्याचें थोडें. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें एकटें सांपडलेलें मूल, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आंत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे, आणि समितीनें पहिल्यानें त्याचें घर शोधावें अशी योजना आहे. म्हणून असें मूल दिसलें तर दया येऊन त्यास परस्पर घरीं ठेवूं नका, आणि 'खाऊन-पिऊन राहील' म्हणून कोणाच्या हॉटेलांतहि लावूं नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहींत. स्टेशनांत असाल तर रेल्वेच्या पोलिसास गांठा, आणि तो येईपर्यंत पोराजवळ बसून राहा.

हें झालें नागपुरास पोंचलेल्या पोराचें. गांवांतून अद्याप न निघालेल्याची व्यवस्था गांवालाच करतां येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिति दिली आहे, आणि तींत चारांत तीन माणसें मुलांचे पालक असावीं लागतात. म्हणजे बहुमत तुमचें आहे. दिवाळीनंतर शाळा उघडतील, तोंवर वेंचणीला जोर येईल आणि वर्ग ओस पडूं लागतील. त्या महिन्याच्या बैठकींत चहा येण्याआधीं हजेरीपत्रक मागवून घ्या व सगळीं नांवें मोठ्यानें वाचायला लावा. ज्या नांवाचा ठावठिकाणा कोणी सांगूं शकणार नाहीं, त्याच्या घरीं त्याच संध्याकाळीं समितींतल्या दोघांनीं जावें. त्यांत एक बाई असावी, म्हणजे पोराची आई खरें काय तें बोलेल.