इंटरकूलर घेताना पन्हा पाहा, चकाकीला भुलू नका

मालाची पिकअप असो वा घरची मोटार, आज बहुतेक डिझेल गाड्यांना टर्बो असतो. भिवंडीहून मालेगावकडे जाताना कसारा घाटात गाडी दमली, काळा धूर सोडू लागली की लगेच सल्ला मिळतो : ‘मोठा इंटरकूलर बसवा.’ आमच्या मते व्यापारी बांधवांनी या सल्ल्यावर पैसे मोजण्यापूर्वी थोडा हिशोब करावा.

टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला तर तिचे तापमान १३० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असते. इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली आणि दाब तेवढाच राहिला, तर त्याच जागेत सुमारे एक पंचमांश जास्त हवा मावते. इंटरकूलरचे काम एवढेच आहे.

मग मोठा तितका चांगला का नाही? कारण जास्त पोकळी भरायला टर्बोला वेळ लागतो. आतल्या वाटा अरुंद असतील तर दाब वाटेतच घटतो. जाळी फार जाड असेल तर वारा मागच्या थरापर्यंत पोहोचेतो तापलेला असतो. शिवाय मागच्या रेडिएटरला वारा कमी मिळून इंजिन तापते ते वेगळेच. कापडात आम्ही पन्हा पाहतो, तसा इथेही जाडीपेक्षा समोरचा पन्हा महत्त्वाचा. रोजच्या वापराला हलका ट्यूब-फिन पुरतो. बार-प्लेटचा मजबूत पण वजनदार आणि महाग; टर्बोचा दाब मुद्दाम वाढवलेल्या गाडीलाच त्याचा खरा उपयोग.

भंगारातून स्वस्तात मिळणाऱ्या मालाबाबत तर फारच सावध राहावे. आधीच्या गाडीचा टर्बो फुटला असेल तर धातूचे कण जाळीत अडकून राहतात. ते सुटून इंजिनात गेले की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो, आणि गाडी उभी राहिली की धंदाही उभा राहतो.

म्हणून आधी रबरी पाइप आणि क्लॅम्प तपासावेत. इंटरकूलरची तोंडे बंद करून, बेताचा दाब देऊन तो पाण्यात बुडवावा. गळती असेल तर बुडबुडे दिसतील. जाळीतला चिखल धुऊन घ्यावा. अनेकदा धुराचे कारण इथेच सापडते. बदलणे भागच असेल तर कंपनीच्या मूळ मापाचाच घ्यावा.

आमच्या मिस्त्री बांधवांनाही एक विनंती आहे. गरज नसेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. एक इंटरकूलर कमी विकला जाईल, पण तेच गिऱ्हाईक दहा वर्षे दुसऱ्या गॅरेजची पायरी चढणार नाही. धंद्यात खरी कमाई तीच.