खिशात चाकू असू द्या



वडनेर भोलजीच्या शिवारात रोज खिशात बाळगायला घडीचा चाकूच योग्य, असे आमचे मत आहे. बैलाच्या गळ्याला दावे आवळले, तर विळा आणायला घरी धावायला वेळ नसतो. ज्वारी कापायला मात्र विळाच हवा.

घेताना पाते उघडून दाबून पाहा. खिळा ढिला असेल तर ते बोटावर मिटेल. फवारणीच्या औषधाची पुडी कापलेल्या पात्याने कांदा चिरू नका.

शस्त्र कायद्यात परवाना लागतो तो ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याला. शेतीची अवजारे त्यातूनही वगळली आहेत. पण पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई हुकूम असेल, तेव्हा चाकू घरी ठेवूनच मोर्चाला या. सरकारला आयते निमित्त कशाला?